दोन्ही डोळे शांत

आमच्या खोलीत शिरणाऱ्या प्रत्येकाला मी दारातच बजावते: मोबाइल बाहेर, रेडियमचं घड्याळ बाहेर, अंगावर जे जे म्हणून चमकतं ते सगळं बाहेर. जळगावातले एक कापडवाले शेठजी हे ऐकून थबकले. त्यांनी वरचा ओठ उचलून सोन्याचा दात दाखवला आणि अतिशय गंभीरपणे विचारलं, "ताई, हा पण काढावा लागेल का?"

"तोंड मिटून बसलात तर चालेल," मी म्हटलं.

शेठजी वीस मिनिटं तोंड मिटून बसले. तपासणी झाल्यावर त्यांच्या पत्नीने माझे दोन्ही हात धरले. म्हणाल्या, "हे दर महिन्याला करता येतं का हो?"

तर मी ही अशी, अंधाराची मालकीण. जळगावातल्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात ईआरजी नावाची तपासणी करते. बावीस वर्षं झाली. हृदयाचा जसा ईसीजी, तसा डोळ्याच्या पडद्याचा ईआरजी, एवढं सांगितलं की बहुतेकांचं समाधान होतं. ज्यांचं होत नाही त्यांना मी सविस्तर सांगते, कारण सांगायला मला आवडतं. आमच्या घरात म्हणतात, हिला अंधारात बसवलं हे बरं झालं, उजेडात हिने नाटक कंपनी काढली असती.

डोळ्याच्या आत, मागच्या भिंतीला, एक पडदा असतो. त्यावर उजेड पडला की त्यात वीज निर्माण होते. अगदी थोडी, पण खरी वीज. ती मोजायची हे माझं काम. आधी थेंब घालून बाहुली मोठी करायची. मग वीस मिनिटं काळ्याकुट्ट अंधारात बसवायचं, म्हणजे पडदा उजेडासाठी भुकेला होतो. मग लाल बारीक दिव्यात खालच्या पापणीत केसाएवढा एक तारेचा धागा ठेवायचा. त्या धाग्याला पाहून असोद्याच्या एक आजी माझ्यावर कडाडल्या होत्या, "डोयात केस गेला म्हनजे लोक दवाखान्यात येतात, अन तू दवाखान्यात बसून डोयात केस घालून ऱ्हायली?"

धागा बसला की हनुवटी एका पांढऱ्या मोठ्या वाडग्यासारख्या भांड्यात टेकवायची, आणि चमक सोडायची. एकच, डोळा मिटायच्या आत संपणारी. माझ्या मशीनच्या स्क्रीनवर रेष उमटते. आधी ती खाली दबते, जणू उडी मारण्यापूर्वी माणूस गुडघे वाकवतो तशी, आणि मग टेकडीसारखी वर चढते. त्या चढावर, नीट पाहिलं तर, चार-पाच बारीक पायऱ्या दिसतात. निरोगी पडद्याच्या पेशी उजेड मिळाल्यावर एकमेकींशी जे भरभर बोलतात, त्याच्या या पायऱ्या. साखरेचा आजार जुना झाला की टेकडी शाबूत असते, पण पायऱ्या आधी झिजतात. बावीस वर्षांत मी किती पायऱ्या पाहिल्या असतील, पण चांगल्या रेषेवर त्या दिसल्या की अजून माझ्या तोंडून "वा!" निघतं. पेशंट दचकतो. मग मी सांगते, तुम्हाला नाही, तुमच्या डोळ्याला म्हटलं.

शेवटी एक खेळ असतो. दिवा सेकंदाला तीस वेळा उघडझाप करतो आणि चांगला डोळा त्या तालावर तीस लहरी देतो. एकही चुकवत नाही.

ही वीज इतकी नाजूक की खोलीतल्या कूलरची घरघरसुद्धा रेषेत शिरते. म्हणून तपासणी चालू असताना कूलर बंद. जळगावात. मे महिन्यात. दार लावून. धरणगावचे एक गृहस्थ घामाने निथळत बाहेर आले आणि त्यांनी डॉक्टरांना विचारलं की हे डोळे तपासायचं मशीन आहे की पापड वाळवायचं. अशी सगळी गंमत आहे आमच्याकडे.

आणि काही डोळ्यांत रेषच उठत नाही.

चमक सोडायची, पुन्हा सोडायची, मशीनचं बळ वाढवायचं, आणि रेष आडवी ती आडवीच. पडद्याच्या ज्या पेशी उजेड पकडतात त्या मरत गेलेल्या असतात. हा आजार जन्मासोबत येतो, घराण्यातून येतो. आधी रात्रीचं दिसणं जातं, मग कडेचं जातं, मग माणूस नळीतून पाहिल्यासारखा जग पाहतो, आणि शेवटी नळीही बंद होते. यावर अजून तरी बहुतेकांना देण्यासारखं औषध आमच्याकडे नाही. पण लवकर कळलं तर देण्यासारखं दुसरं पुष्कळ असतं: संध्याकाळनंतर एकटं फिरू नका, गाडी सोडा, कागदपत्रं करा, हाताला असं काम लावा जे न पाहता जमेल. डॉक्टर हे सगळं पेशंटला समोर बसवून अर्धा अर्धा तास सांगतात. निकाल सांगायचा तो त्यांनीच. तंत्रज्ञाने तोंड उघडायचं नाही, हा नियम आहे, आणि माझ्यासारखीसाठी तो किती कठीण असेल हे तुम्हाला आतापर्यंत कळलंच असेल.

अशा रेषेला आम्ही खोलीतले लोक एक शब्द वापरतो: शांत. "विजयाताई, कशी आहे रेष?" "शांत आहे, सर." देवापुढचा दिवा विझला असं आपण म्हणत नाही ना, शांत झाला म्हणतो, त्याच रीतीने तो शब्द आमच्यात आला असावा. पेशंट समोर असतो, त्याला टोचू नये म्हणून. किती सभ्य शब्द. मला तो फार आवडायचा.

हिरामण आला तो चार वर्षांपूर्वी, फेब्रुवारीत. धुळ्याच्या शिबिरात आमच्या डॉक्टरांनी त्याचे डोळे पाहिले होते आणि तपासणीसाठी जळगावला पाठवलं होतं. नरडाण्याजवळच्या खेड्यातला, चाळिशीचा, एका लग्नाच्या बँडमधला ताशेवाला. सोबत त्याची थोरली बहीण. आई लवकर गेली म्हणून हिनेच त्याला वाढवलेलं. सगळा गाव तिला अक्का म्हणायचा, मग मीही म्हटलं. अक्का आमच्या दवाखान्याला नव्या नव्हत्या. त्याच हिवाळ्यात त्यांच्या एका डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन आमच्याकडेच झालं होतं, त्यामुळे त्या रुबाबात आल्या, आणि चप्पल कुठे काढायची, पाणी कुठे मिळतं, हे भावाला दाखवत फिरल्या.

हिरामणची तक्रार साधी. वरातीत दिवे असतात तोवर ठीक, दिवे पुढे गेले की पायाखालचं दिसत नाही. दोन वर्षांपासून तो पुढच्या माणसाच्या सदऱ्याकडे पाहत चालत होता. म्हणून बँडवाल्यांना त्याने पांढरा सदरा घालायला लावला होता. "आमना बँडना ड्रेस त्यानामुये पांढरा व्हयना," तो मला हसत सांगत होता. "लोके म्हनतस, काय शोभस!"

मी त्याला अंधारात बसवलं. अक्कांना बाहेर. पाचेक मिनिटं गेली आणि मला आवाज आला. टकटकटकटक, फार जलद, हलका, लाकडी स्टुलावर बोटांचा. दोन्ही हातांच्या बोटांचा.

"हिरामणभाऊ, थोडं थांबवा. सवय कळते मला, पण थांबवा."

थांबलं. मग धागा लावला, चमक सोडायला सुरुवात केली, आणि परत. टकटकटकटक. माझी रेष थरथरायला लागली. मी नोंदी रद्द केल्या, पुन्हा घेतल्या, त्याही रद्द केल्या. मग मात्र मी मास्तरणीचा आवाज काढला.

"अहो, ही वरात नाही. बोटं मांडीवर!"

"मी नही वाजाडी ऱ्हायनू ताई," तो ओशाळून म्हणाला. "डोयामा जे चाली ऱ्हायनं ना, त्याना मांगे बोटं जाई ऱ्हायनात."

"डोळ्यात काय चाललंय?"

"चमचम. काजवा नही का चमकतस, तसं. पन काजवा कसाबी चमकतस. हाई तालमा शे. अंधारमा बसाडं का चालू व्हस, थांबतच नही."

इथे मी काय करायला हवं होतं ते मला आता कळतं. माझ्यासमोर सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजणारं मशीन होतं. आणि समोर असा माणूस बसला होता ज्याचं पोट तालावर होतं, जो डोळ्यातलं जसंच्या तसं बोटांवर उतरवून दाखवत होता. मी मोजलं नाही. मी म्हटलं, "भास आहे तो. अंधारात सगळ्यांनाच होतो. बोटं मांडीवर."

त्याने बोटं मांडीवर ठेवली. मी तपासणी पुरी केली. दोन्ही डोळ्यांची रेष आडवी. मशीनचं बळ वाढवून, पुष्कळ चमकांची सरासरी काढूनही आडवी. तीस ठोक्यांच्या खेळात मात्र अगदी तळाशी थोडी हालचाल होती, म्हणजे मधली नळी अजून उघडी होती, तेवढंच.

त्या दिवशी डॉक्टर धुळ्याला शिबिराला गेलेले. निकाल आठ दिवसांनी मिळणार होता. हे मी हिरामणला सांगितलं, त्याच्या कपाळावर तारांसाठी लावलेल्या पट्ट्या काढल्या, त्यांखालचं जेल पुसलं आणि दार उघडलं. दारात अक्का.

"काय निंघनं वं ताई?"

"निकाल डॉक्टर सांगतील, अक्का. पुढच्या आठवड्यात."

"ते सांगतीलच. तुमले त दिसनं ना? माय मरी गई तवय हाऊ मना कडेवर व्हता. एक शब्द त सांगा."

मी नियम पाळत होते. खरंच पाळत होते. पण अक्कांनी माझा हात धरलेला, त्यांच्या दुसऱ्या डोळ्यातला मोतीबिंदू दुधासारखा दिसत होता, आणि मला वाटलं की एकही शब्द न बोलणं हे जास्त क्रूर आहे. आठ दिवस त्यांनी काय कल्पना करायच्या? तेव्हा थोडी तयारी व्हावी, मनाला आधी जरासा धक्का लागून राहावा, म्हणून मी माझा सगळ्यात सभ्य, सगळ्यात मऊ शब्द निवडला.

"दोन्ही डोळे शांत आहेत, अक्का," मी म्हटलं, आणि तोंड पाडून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

अक्कांनी दोन्ही हात कपाळाला लावले. "देव पावना," त्या म्हणाल्या. "चाल रे हिरामण."

मी माझ्या खोलीत वळले. मनात म्हटलं, कशी धीराची बाई आहे. असं ऐकूनही देवाचं नाव घेते.

आता सांगते, आमच्या वरच्या मजल्यावर रोज सकाळी काय होतं. मोतीबिंदूच्या पेशंटची पट्टी काढतात. डॉक्टर टॉर्च मारतात. लाली नाही, सूज नाही, पाणी नाही, असं असलं की ते मोठ्याने सांगतात, "डोळा शांत आहे. घरी जा." पेशंटचे नातेवाईक पेढे वाटतात. अक्कांनी दोन महिन्यांपूर्वी वरच्या मजल्यावर हेच वाक्य स्वतःबद्दल ऐकलं होतं. तीच इमारत, तोच शब्द, एक मजला खाली.

इतकी वर्षं मी त्या जिन्याने चढउतार केली. मला कधी सुचलं नाही.

हिरामण निकाल घ्यायला आला नाही. कशाला येईल? पाकीट माझ्या टेबलाच्या खणात राहिलं. फॉर्मवर जो नंबर होता तो बँडच्या मालकाचा होता. मी दोनदा फोन केला, लग्नाचा हंगाम चालू होता, पलीकडून नुसता बँड ऐकू आला. तिसऱ्यांदा केला नाही. काही पेशंट येत नाहीत, वाईट बातमी कळली की दवाखाना टाळतात, असं माझ्या अनुभवाने मला समजावलं. अनुभव फार समजूतदार असतो.

पुढच्या वर्षी, पावसाळ्याच्या तोंडावर, अक्का दुसऱ्या डोळ्याच्या ऑपरेशनला आल्या. हिरामण त्यांच्या सोबत. म्हणजे खरं तर अक्काच त्याच्या सोबत, कारण त्यांनी त्याचं मनगट धरलं होतं आणि तो पाय चाचपत टाकत होता. डावं मनगट. उजवं त्याने पोटाशी धरलेलं, वाकडं, फुगीर, बोटं अर्धी मिटलेली.

मी ओळख दाखवायच्या आधी अक्कांनीच मला ओळखलं. "ताई! बरं वाटनं तुमले पाहीसन."

"हाताला काय झालं, हिरामणभाऊ?"

अक्का बोलल्या. जळगावहून गेल्यावर चौथ्याच दिवशी धरणगावला वरात होती. दिवेलागणीची वेळ. रस्त्याच्या कडेला पाण्याच्या पाइपसाठी चर खोदलेला. पुढचे पांढरे सदरे वळले, त्याला वळण दिसलं नाही. तो सरळ गेला. ताशा गळ्यात, म्हणून हात टेकायला उशीर झाला आणि उजवा हात अंगाखाली आला. मनगटाचे तुकडे. पट्टी घातली, पण मनगट वळेना. ताशाच्या काडीला जी झटक लागते ती मनगटातूनच येते. बँडने आठ महिने वाट पाहिली, मग नवा ताशेवाला घेतला.

"पण रात्री कशाला गेलात?" मी म्हटलं. आणि हे मी रागावून म्हटलं, वरून. "इतकं सांगून?"

अक्का माझ्याकडे पाहत राहिल्या.

"तुम्हीच त सांगं व्हतं ना ताई," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात आरोप नव्हता, नुसतं नवल होतं. "दोन्ही डोया शांत शेतस म्हनीसन."

मी खणातून पाकीट काढलं, डॉक्टरांच्या खोलीत नेऊन दिलं, आणि त्यांनी त्या दोघांना समोर बसवून अर्धा तास सगळं सांगितलं. उशिरा, पण नीट सांगितलं. मी दाराशी उभी होते. डॉक्टर म्हणाले, "हाताला एखादं न पाहता जमणारं काम लावा, म्हणजे पुढे," आणि मग त्यांची नजर त्या हातावर गेली आणि ते मध्येच थांबले.

ताशा हे न पाहता जमणारं काम होतं. बसून वाजवता आला असता, देवळात, मंडपात, पुढे जन्मभर. त्याचे डोळे जाणारच होते, ते माझ्या हातात नव्हतं. हात राहिला असता.

मी तेव्हा पुढे होऊन म्हणायला हवं होतं की चूक माझी. म्हटलं नाही. डॉक्टर बोलत होते, डॉक्टरांच्या बोलण्यामध्ये मी कशी बोलणार? नियम आहे ना.

यानंतर तो शब्द मी सोडला. हाताखालच्या नव्या मुलींनाही सोडायला लावला. रेष उठत नाही, असं म्हणायचं, कागदावरही आणि तोंडानेही, आणि ऐकणाऱ्याला विचारायचं: काय समजलं तुम्हाला, मला परत सांगा. एवढी सुधारणा करून मी स्वतःला माफ करून टाकलं होतं, जवळजवळ.

गेल्या वर्षी धुळ्याला डोळ्यांच्या डॉक्टरांचं एक दिवसाचं संमेलन झालं. मशीन दाखवायला मला नेलं होतं. जेवणानंतर, म्हणजे जेव्हा सगळे डोळे आपोआप मिटतात त्या वेळी, बाहेरगावच्या एक संशोधक बाई बोलायला उभ्या राहिल्या. त्या पडद्यातल्या तालाबद्दल बोलत होत्या. निरोगी पडद्यात ताल उजेडाबरोबर येतो आणि लगेच विरतो. त्या म्हणजे माझ्या पायऱ्या. मी खूश होऊन मान डोलावली. मग त्या म्हणाल्या की ज्या प्राण्यांच्या पडद्यातल्या उजेड पकडणाऱ्या पेशी मरून जातात, त्यांत मागच्या जिवंत पेशी गप्प बसत नाहीत. त्या आपल्या आपण ठोके द्यायला लागतात. उजेड नसताना, काळोखात, सेकंदाला साधारण दहाच्या घरात, थांबल्याशिवाय.

माझी मान डोलायची थांबली.

मी हात वर केला. संमेलनात तंत्रज्ञ हात वर करत नाहीत. डॉक्टरांनी माझ्याकडे वळून पाहिलं. मी विचारलं, "बाई, मग ते आमच्या मशीनवर दिसत का नाही?"

"कसं दिसेल?" त्या म्हणाल्या. "तुम्ही चमक सोडता आणि चमकेला मिळालेलं उत्तर मोजता. पुष्कळ चमकांची सरासरी काढता. जे तुमच्या चमकेबरोबर येत नाही, ते सरासरीत पुसलं जातं. आणि पडद्यात आत चालतं ते बाहेरच्या धाग्यापर्यंत पोचेलच असंही नाही."

"पेशंटला चमचम दिसते, ती हीच का?"

"पुष्कळ पेशंट चमचम सांगतात. हीच का, ते माणसाच्या बाबतीत ठामपणे सांगता येत नाही. पण ते खोटं सांगत नाहीत, एवढं धरून चला."

म्हणजे ज्या रेषेला मी शांत म्हणाले, ती शांत नव्हतीच. त्या शब्दाचा अक्कांनी घेतलेला अर्थ चुकीचा होता आणि मी दिलेलाही. फक्त एका माणसाला बरोबर माहीत होतं काय चाललंय ते, आणि त्याला मी बोटं मांडीवर ठेवायला सांगितलं होतं.

पुढच्या रविवारी मी सकाळची पॅसेंजर पकडून नरडाण्याला उतरले आणि शेअर रिक्षाने त्याच्या गावी गेले. हिरामण ओट्यावर बसला होता. बायको नरडाण्याच्या एमआयडीसीत पाळीवर कामाला गेलेली. अक्का दोन गल्ल्या सोडून राहतात, त्या निरोप मिळताच आल्या आणि चुलीवर चहा ठेवला. आता हिरामणला दिवसा उजेड आहे की नाही एवढं कळतं, बाकी नाही.

मी सगळं सांगितलं. आधी ताल सांगितला, कारण ते सोपं होतं. त्याने मान वाकडी करून ऐकलं.

"म्हंजे मना डोया बोली ऱ्हायना व्हता," तो म्हणाला, "आन तुमनं मशीन पुसी ऱ्हायनं व्हतं?"

"हो."

तो इतका हसला की अक्का चुलीपासून उठून आल्या. "ऐक अक्का! मना डोयामा वाजंत्री शे. डॉक्टरस्नी मान्य करं!" मग त्याने डाव्या हाताने ओट्यावर तो ताल धरला, एका हाताने जमेल तेवढा. मध्येच म्हणाला, "हाई बंद व्हस का कधी, ताई?"

"माहीत नाही. कुणालाच नक्की माहीत नाही."

"चालू ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "आते तेवढंच दिसस."

मग मी दुसरं सांगितलं. शब्दाचं. वरच्या मजल्याचं आणि खालच्या मजल्याचं. मी नियम मोडला, मग अर्धाच मोडला, मग फोन तिसऱ्यांदा केला नाही, मग डॉक्टरांच्या खोलीत दाराशी गप्प उभी राहिले, हे सगळं ओळीने. या वेळी आवाज चढवला नाही, हातवारे केले नाहीत. शेवटी म्हटलं, "तुमचा हात माझ्यामुळे गेला, हिरामणभाऊ."

अक्का पदराने कपबशी पुसत होत्या, पुसलेलीच परत पुसत होत्या.

"नही ताई," तो म्हणाला. "तुम्ही खरं सांगतात, तरी बी मी जातू. धरणगावनी वरात व्हती. मी सोडतू का? ताशेवाला घरमा बसस का? ते मना नशीबमा व्हतं. तुम्ही मनमा ठेवू नका."

मी रडले. त्याला दिसलं नाही, पण कळलं असावं, कारण त्याने विषय बदलला आणि बँडच्या गोष्टी काढल्या. एका नवरदेवाचा घोडा ताशाला बिथरून थेट उलट्या वाटेने नवरीच्या गावाबाहेर कसा गेला, ते त्याने इतकं रंगवून सांगितलं की मी ओल्या डोळ्यांनी हसत सुटले. गोष्टी सांगण्यात तो माझा गुरू शोभला असता. निघताना मला खरंच हलकं वाटत होतं.

अक्का मला पोचवायला स्टेशनपर्यंत आल्या. नको म्हटलं तरी आल्या. फलाटावर बाकावर माझ्या शेजारी बसल्या, दोन्ही डोळ्यांनी आता स्वच्छ पाहत. गाडीची घंटा झाली तेव्हा म्हणाल्या:

"तो खोटं बोलना, ताई."

"काय?"

"तुम्ही खरं सांगतात त तो नही जाता. त्याले रातनं भ्याव लागे. दोन वरीसपाईन सोडाना इचार करी ऱ्हायना व्हता. जळगावले येवाना आधीच मालकले सांगी दिन्हं व्हतं, डोयाले काही निंघनं त रातनी वरात बंद, मी फक्त दिवसना वाजाडसू. मालक बी हो म्हनना व्हता." त्यांनी रुळांकडे पाहिलं. "घर उनात तवय मीच त्याले सांगं, जाय रे, डोया शांत शेतस, भ्यावू नको. मीच धाडं."

मी त्यांचा हात धरायला गेले. त्यांनी धरू दिला नाही.

"तुमले झोप लागाले पाहिजे म्हनीसन तो तसा बोलना. माले बी तो हाईच सांगस, रोज. अक्का, मी जातूच, तुनी काही चूक नही." गाडी फलाटाला लागत होती, आवाज वाढला, तशा त्या माझ्या कानाशी आल्या. "माले तसं बोलता येत नही. चढा आते. जागा भेटाव नही."

मी चढले. खिडकीशी जागा मिळाली. अक्का फलाटावर उभ्या होत्या. त्यांनी हात हलवला नाही, आणि गाडी सुटेपर्यंत त्या गेल्याही नाहीत.